सार्थ, भिक्खू आणि चीवरांचे गाठोडे

पालि वाङ्मयात व्यापारी तांड्यास 'सत्थ' आणि त्याच्या प्रमुखास 'सत्थवाह' अशी संज्ञा आहे. जातकसंग्रहातील पहिलेच अपण्णक जातक पाचशे गाड्यांच्या सार्थाचे आहे. डॉ. मोतीचंद्र यांच्या 'सार्थवाह' (1953) या ग्रंथापासून प्राचीन व्यापारमार्गांचा अभ्यास पुष्कळ पुढे गेला. परंतु त्याच मार्गाने, अनेकदा त्याच सार्थाच्या सोबतीने जाणारा भिक्खू आपली वस्त्रे कशी बांधी, कोठे ठेवी आणि किती नेई, हा प्रश्न किरकोळ समजला गेला. विनयपिटकाने तो किरकोळ मानलेला नाही.

या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर. तेथील बी. डी. डी. चाळीतील एका खोलीत आमचा पालि वाचनवर्ग काही काळ भरत असे. विनयातील 'चीवरवंस' आणि 'चीवररज्जु' हे शब्द आले तेव्हा त्यांचा अर्थ आम्हांस सांगावा लागला नाही. श्रोत्यांनी नुसते वर पाहिले. डोक्यावर कपड्यांची बांबूची दांडी होती आणि शेजारी दोरी. वर्गातील एका वयोवृद्ध गिरणी कामगारांनी सांगितले की, ते गावाहून आले तेव्हा एका खोलीत दहाबारा माणसे पाळीपाळीने झोपत. प्रत्येकास एक ट्रंक आणि एक वळकटी, याहून अधिक सामान चालत नसे. "जास्त आणलं तर दुसऱ्याची जागा खाल्ली," असे ते म्हणाले.

आता महावग्गातील चीवरक्खंधकाकडे वळू. भगवान राजगृहाहून वैशालीस जात असताना त्यांना वाटेत अनेक भिक्खू वस्त्रांनी लादलेले दिसले. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेवर चीवरांच्या वळकट्या होत्या. मूळ शब्द 'उब्भण्डित' असा आहे, आणि त्यातील 'भण्ड' म्हणजे सामान, माल. वैशालीस पोहोचल्यावर गोतमक चैत्यात, माघ-फाल्गुनाच्या संधीवरील हिमपाताच्या रात्री, भगवान एकच वस्त्र पांघरून उघड्यावर बसले. पहिला याम संपताना थंडी वाजली, दुसरे वस्त्र घेतले, मधला याम संपताना तिसरे, पहाटे चौथे. या चार पदरांत थंडीला नाजूक असलेल्या कुलपुत्राचाही निभाव लागेल, असे पाहून त्यांनी तीन चीवरांची मर्यादा घातली: दुहेरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक.

'त्रिचीवर' हे दारिद्र्याचे चिन्ह होय, असे सर्रास समजले जाते. आमच्या मते हा समज मूळ कथेशी जुळत नाही. येथे मर्यादा ठरली ती स्वतःच्या शरीरावर घेतलेल्या अनुभवाने, आणि तीही दुर्बळ माणसाला समोर ठेवून. भिक्खूंनी आयुष्यभर केवळ पांसुकूल, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांचीच वस्त्रे वापरावीत, ही देवदत्ताची मागणी भगवानांनी नाकारली, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. अधिक ओझे नको, तसेच अकारण कष्टही नकोत.

मर्यादा ठरल्यावर सांभाळण्याचा प्रश्न येतो. श्रावस्तीस काही भिक्खू आपली संघाटी दुसऱ्यांकडे ठेवून केवळ दोन वस्त्रांनिशी चारिकेस गेले. फार दिवस पडून राहिलेल्या त्या चीवरांना बुरशी आली. ती उन्हात घालणारे भिक्खू आनंदांना दिसले आणि प्रकरण भगवानांपर्यंत गेले. चीवरापासून एक रात्रही दूर राहू नये, हा निस्सग्गिय वर्गातील दुसरा नियम त्यातून आला. पुढे कौशांबीचा एक आजारी भिक्खू तीन चीवरे घेऊन चालू शकेना, तेव्हा संघाच्या संमतीने त्याला सूट मिळाली.

याच नियमाच्या विवेचनात सार्थाचा स्वतंत्र विचार आहे. सार्थ एकाच कुळाचा असेल, तर त्यात चीवर ठेवून पुढे किंवा मागे सात अब्भन्तर आणि बाजूस एक अब्भन्तर एवढ्या अंतरात राहावे. अट्ठकथेनुसार एक अब्भन्तर म्हणजे 28 हात. सार्थ अनेक कुळांचा असेल, तर मात्र चीवर हाताच्या अंतरावरच हवे. हे माप ठरविणाऱ्याने सार्थ पाहिलेला होता. गाड्यांची रांग लांबीला पुष्कळ आणि रुंदीला अरुंद असते. आणि अनेक मालकांच्या तांड्यात कोणती गाडी केव्हा वेगळ्या वाटेने वळेल, याचा भरवसा नसतो.

घडी घालण्याचीही रीत सांगितली आहे. घामाने भिजलेले चीवर थोडा वेळ उन्हात वाळवावे, पण तापत ठेवू नये. कडा चार अंगुळे मागेपुढे ठेवून घडी घालावी, म्हणजे मधोमध मोडून वस्त्र विरणार नाही. कमरपट्टा घडीत ठेवावा. वहाणांसाठी वेगळी थैली आली, तिला कारण घडले. एका भिक्खूने वहाणा कमरेला बांधल्या होत्या, आणि वंदन करताना एका उपासकाचे डोके त्यांवर आपटले.

माल आणि सामान यांतील सीमा किती नाजूक होती, हे आणखी एका कथेत दिसते. कोसलातून श्रावस्तीकडे जाताना एका भिक्खूस मेंढीची लोकर मिळाली. ती उत्तरासंगात बांधून तो निघाला, तेव्हा लोकांनी थट्टेने विचारले, 'भंते, कितीला घेतली? नफा किती होईल?' अशी लोकर स्वतः फार तर तीन योजने वाहावी, असा नियम पुढे झाला.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाची दुसरी बाजू शिलालेखांत आढळते. 'पेरिप्लस'नुसार पैठण आणि तेर येथून गाड्यांनी माल भडोचला जाई, आणि तेरच्या मालात कापड मोठे होते. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. वर्षाचे 240 कार्षापण होतात. त्यांतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंस प्रत्येकी 12 कार्षापण 'चीवरिक' म्हणून द्यावयाचे होते. भिक्खूच्या अंगावरील वस्त्रामागे विणकरांचे श्रम असत, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

विणकरांचाच वारसा सांगणाऱ्या गिरणगावात आज चाळींचा पुनर्विकास होत आहे. खोल्या रिकाम्या करताना काय न्यायचे आणि काय टाकायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो. 'चीवररज्जु' या शब्दाचा अर्थ कोशात राहीलच. परंतु ज्या खोलीत तो न सांगता कळला, ती फार काळ राहणार नाही. त्या खोल्यांत राहिलेल्या वृद्धांकडून सामान बांधण्याच्या, ठेवण्याच्या आणि वाटून घेण्याच्या रीती तपशिलाने लिहून घ्याव्यात, अशी आमची अभ्यासकांना विनंती आहे. विनयाचे नियम समजण्यास त्यांचे साहाय्य होते, हा आमचा अनुभव आहे.