हिरव्या साल्साचा इतिहास : ‘टोमॅटो’ हे नाव मुळात कोणाचे?

१/ मेक्सिकोतील ‘साल्सा व्हेर्दे’, म्हणजे हिरवा साल्सा, कच्च्या टोमॅटोचा असतो असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. त्यातील फळ निराळे आहे. आणि ‘टोमॅटो’ या नावावर त्या फळाचा हक्क लाल टोमॅटोहून तसूभरही कमी नाही.

२/ हे फळ म्हणजे टोमॅटिलो, आपल्या रसभरीचे भावंड. कागदासारख्या पातळ आवरणात दडलेले, हिरवे, आंबट. कुळ अतिप्राचीन : अर्जेंटिनातील पातागोनिया भागात याच वंशातील फळांचे सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

३/ अ‍ॅझटेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘तोमात्ल’ हे अशा रसाळ, बियाळ फळांचे सामान्य नाम होते. पुढे जोडशब्दांनी भेद केला जाई. ‘मिल्तोमात्ल’ म्हणजे शेतातला तोमात्ल, अर्थात आपले हिरवे फळ. ‘शितोमात्ल’ म्हणजे लाल टोमॅटो.

४/ १५२१ मध्ये अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. १५२९ मध्ये बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक तेथे आला. आंतोनियो व्हालेरियानो यांच्यासारख्या नाहुआ विद्वानांच्या साहाय्याने त्याने त्या समाजाचा १२ खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला, नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत.

५/ त्याच्या दहाव्या खंडात बाजार जिवंत उभा आहे. तोमात्लचे अनेक प्रकार विकणारे, मिरची व तोमात्लची तयार कालवणे विकणारे, सारे तेथे भेटतात. चांगला विक्रेता कोण आणि नासकी फळे गळ्यात मारणारा लबाड कोण, हेही नोंदलेले आहे. हिरव्या साल्साचे पूर्वज या बाजारात आहेत.

६/ ही नोंद टिकली हे भाग्यच. १५७६ मध्ये भीषण साथीने नाहुआ समाज उद्ध्वस्त होत असतानाच हस्तलिखित पूर्ण केले जात होते. १५७७ मध्ये राजा दुसऱ्या फिलिपने साआगुनचे लेखन जप्त करून स्पेनला पाठवण्याची आज्ञा दिली. त्यातील एक प्रत इटलीत पोहोचली. तीच फ्लोरेन्सच्या ग्रंथालयातील ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’.

७/ नावाची अदलाबदल याच संपर्कातून झाली. स्पॅनिशांनी ‘तोमात्ल’चे ‘तोमाते’ केले. युरोपात लाल फळ रुजले आणि नाव त्यालाच चिकटले. मूळचे हिरवे फळ मात्र ‘टोमॅटिलो’, म्हणजे ‘छोटा टोमॅटो’, ठरले! मध्य मेक्सिकोत आजही ‘तोमाते’ मागितल्यास हिरवे फळ मिळते. लाल हवे तर ‘हितोमाते’ म्हणावे लागते.

८/ साल्सा वाटण्याचे साधनही तितकेच जुने. ‘मोल्काहेते’ हा बसाल्ट दगडाचा तीन पायांचा खल. नाव आले ‘मोल्ली’ (कालवण) आणि ‘काशित्ल’ (वाडगे) यांतून. याच ‘मोल्ली’पासून ‘ग्वाकामोले’ही आले.

९/ आता प्रत्यक्ष कृती. पाव किलो टोमॅटिलोंचे आवरण काढून चिकटपणा जाईपर्यंत ती धुवावीत. खलात प्रथम दोन हिरव्या मिरच्या व मीठ वाटावे, मग चिरलेली कच्ची फळे घालून भरड वाटावे. पाणी घालू नये. फळाचा रस पुरेसा असतो. शेवटी बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर मिसळावी. फळातील पेक्टिनमुळे साल्सा थोड्या वेळाने आपोआप दाट होतो. ताजेपणा हाच त्याचा प्राण, म्हणून तो त्याच दिवशी संपवावा.

१०/ या वाटणात दोन जगे एकत्र येतात. फळ आणि मिरची मेक्सिकोची. आजचा कांदा व कोथिंबीर स्पॅनिशांबरोबर समुद्र ओलांडून आलेली. उलट दिशेने मिरची पोर्तुगीजांमार्फत गोव्याला पोहोचली आणि पुढे महाराष्ट्राच्या ठेच्यात स्थिरावली.

११/ साम्राज्य गेले, ग्रंथ जप्त झाला, पण स्वयंपाकघरातील भाषा जप्त करता आली नाही. मेक्सिकोत आजही सुमारे १६ लाख लोक नाहुआत्ल बोलतात. आणि भाजीवाल्याकडे ‘टोमॅटो’ मागणारा मराठी माणूसही, नकळत, त्याच भाषेतला एक शब्द उच्चारत असतो.

(समाप्त)