राष्ट्रीय नाट्य-चित्रपट शिक्षणाचा इतिहास आणि आपण

पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय या दोन संस्थांचा इतिहास आजवर नामवंतांच्या यादीने सांगितला गेला आहे. अमुक दिग्दर्शक तेथे शिकला, तमुक अभिनेत्री तेथे घडली, अमक्या चित्रपटाला परदेशात मान मिळाला. ही यादी खोटी नाही. परंतु जी संस्था जनतेच्या पैशातून उभी राहते तिच्या इतिहासाला आणखी दोन प्रश्न विचारावेच लागतात. तेथे शिकविले जाणारे ज्ञान कोणाच्या हातांतून आले? आणि ते कोणाच्या हाती गेले?

मी पूर्णेत शिक्षक आहे. परभणी आणि नांदेड यांच्यामधले हे जंक्शन. मीटरगेजच्या काळात येथे वाफेच्या इंजिनांची शेड होती. रेल्वेच्या नोकरीने आमच्या वस्त्यांत रोख पगार आला, पगाराबरोबर मुले शाळेत गेली, आणि त्याच मुलांनी १४ एप्रिलच्या मंचावर नाटके केली, गाणी म्हटली. त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षांआड मला विचारते, "सर, पुण्याच्या नाहीतर दिल्लीच्या त्या शाळेत आपला नंबर लागेल का?" नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस आमच्या स्टेशनावरून दिल्लीला जाते, पुण्याचीही गाडी आहे. तिकीट काढता येते. पुढचे काय, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते, म्हणून हा लेख.

१

सुरुवात पुण्यापासून करू, कारण महाराष्ट्रात नाटकाची पहिली मोठी 'निवड' तेथेच झाली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक गरीब कुणबी जोडपे, त्यांना धर्माच्या नावाने लुबाडणारा जोशी, आणि त्यांना शिक्षणाकडे नेणारा विचार, असा त्याचा विषय. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीतील भट सभासदांपुढे आपल्या नाटकाचे काही चालले नाही, असे त्यांनी स्वतःच नंतर नमूद करून ठेवले आहे. ते नाटक छापून निघाले १९७९ साली. मध्ये एकशे चोवीस वर्षे गेली. मराठी रंगभूमीचे इतिहास या मधल्या काळात लिहिले गेले, शिकविले गेले, त्यांवर परीक्षा झाल्या. त्या साऱ्या अभ्यासक्रमांत हे नाटक नव्हते, कारण निवडणाऱ्यांनी ते निवडलेच नव्हते. निवड मंडळ म्हणजे काय चीज असते, हे समजून घ्यायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

आता चित्रपटाकडे वळू. पुण्याची इन्स्टिट्यूट ज्या जागेवर उभी आहे ती जागा प्रभात फिल्म कंपनीची. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यात आली. पण प्रभातची विद्या आणखी मागची आहे. ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्याकडून आली. बाबूराव मेस्त्री हे त्यांचे मूळ नाव, घराणे सुतारकाम करणारे. लाकूड, रंग आणि पडदे यांवर त्यांचा हात बसलेला होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः खटपट करून तयार केला. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराने नागविलेला शेतकरी पडद्यावर आला तो असा. विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही पुढे प्रभात काढणारी मंडळी याच कारखान्यात तयार झाली. फत्तेलाल हे मुसलमान कारागीर, सेट उभारण्यात त्यांचा हातखंडा. दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला.

यातले कोणी चित्रपटाच्या शाळेत गेलेले नव्हते, कारण शाळाच नव्हती. सुतार, चितारी, यंत्रावर काम करणारे, शिवणकाम करणारे अशा हातांनी भारतीय चित्रपटाची विद्या उभी केली. पुढे तिचा अभ्यासक्रम झाला, त्याला पदवीची अट लागली आणि परीक्षेची भाषा ठरली. त्या क्षणापासून कारागिराचे पोर या विद्येला परके झाले. आपल्या देशात हे अनेक विद्यांच्या बाबतीत घडले आहे.

याच प्रभातच्या इतिहासात आपल्या दृष्टीने एक वर्ष फार महत्त्वाचे आहे. १९३५ साली शांतारामांनी 'धर्मात्मा' काढला. पैठणच्या एकनाथांची कथा, एकनाथ झाले होते बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते, सेन्सॉरने ते बदलावयास लावले. अस्पृश्याला जवळ घेणारा संत असा त्याचा आशय, आणि त्या काळाच्या मानाने तो धीटपणाचाच होता. परंतु त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केले की हिंदू म्हणून आपण मरणार नाही. पुण्याचा पडदा आम्हाला करुणेचा विषय करीत होता, तेव्हा आमचा नेता करुणा नाकारून माणूसपणाचा हक्क मागत होता. त्याच पुण्यात १९२९ साली पर्वतीच्या मंदिरासाठी सत्याग्रह झाला होता आणि सत्याग्रहींनी दगड खाल्ले होते. त्या सत्याग्रहींचा चित्रपट प्रभातने काढला नाही. कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर पडद्यावर काय येणार हे ठरते, हा धडा १९३५ सालीच मिळाला होता.

२

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ च्या अहवालात चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढावी अशी शिफारस होती. ती अमलात यायला नऊ वर्षे लागली. तोवर प्रभात बंद पडली होती. १९६० साली तिच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली, १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, १९७१ नंतर दूरचित्रवाणीचे शिक्षण जोडले गेले आणि १९७४ साली तो विभाग दिल्लीहून पुण्याला आला. साठीच्या दशकात ऋत्विक घटक काही काळ तेथे उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी, अदूर गोपालकृष्णन यांसारखे दिग्दर्शक तेथून बाहेर पडले. धंदेवाईक चित्रपटापेक्षा वेगळा चित्रपट या देशात शक्य आहे, हे या संस्थेने दाखविले. तिचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचे, संगीत नाटक अकादमीने काढलेले. १९७५ साली ते स्वायत्त झाले. त्याला खरा आकार दिला इब्राहिम अल्काझी यांनी. पुण्यात जन्मलेले हे दिग्दर्शक १९६२ ते १९७७ विद्यालयाचे संचालक होते. नाटक म्हणजे पाठांतर आणि हावभाव ही समजूत त्यांनी मोडली. सेट, प्रकाश, वेशभूषा, मंचाची झाडलोट ही सारी कामे विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाची असा त्यांचा दंडक होता. विद्यालयात आल्यावर घाण झालेली स्वच्छतागृहे त्यांनी स्वतः साफ केली, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगत आले आहेत.

ही आठवण कौतुकाने सांगितली जाते, आणि संचालकाने झाडू हाती घेणे हे कौतुकाचेच आहे. मी मात्र ती वाचताना थबकतो. उच्चवर्णीय घरातून आलेल्या मुलासाठी संडास धुणे हा अहंकार गाळण्याचा धडा होतो. ज्याच्या घरात तीच गोष्ट जन्माने वाट्याला आली, त्याला त्यातून कोणता धडा मिळावयाचा? दोघांच्या हातात एकच झाडू, पण एकाला ती शिस्त वाटेल आणि दुसऱ्याला आजोबांची आठवण होईल. नाट्यशिक्षणाने हा फरक ओळखला पाहिजे. शरीर हेच नटाचे साधन असेल, तर त्या शरीरावर जातीने केलेले संस्कार हासुद्धा अभ्यासाचा विषय आहे. वाकून चालण्याची सवय, मोठ्या माणसासमोर बसणारा आवाज, रस्त्याची कडा धरणारी पावले हे सारे आपल्या अंगात असते आणि ते घालविण्याचीही एक तालीम असते. ती तालीम आपल्याकडे दुसऱ्याच शाळेने दिली.

३

ती शाळा म्हणजे जलसा. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी तिसाव्या दशकापासून आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. तमाशाचा बाज घेतला, त्यातली गण-गौळणीची जुनी रीत बदलली, आणि मढी ओढणे सोडा, पोरांना शाळेत घाला हे सवाल-जवाबांतून सांगितले. वामनदादा कर्डकांनी हीच परंपरा आयुष्यभर चालविली. अण्णा भाऊ साठे शाळेत फार तर दीड दिवस गेले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुण्यात इन्स्टिट्यूट निघाली त्याच सुमारास त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघत होते, १९६१ साली 'वैजयंता', १९६३ साली 'फकिरा'. आणि १९६९ साली हा लेखक दारिद्र्यातच गेला. आमची कथा पडद्यावर पोचली, कथाकार चाळीशेजारच्या झोपडीतच राहिला.

मराठवाड्याचा विचार केला तर एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. दिल्लीचे विद्यालय निघण्याच्या अगोदर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात आपली रंगभूमी उभी राहिली होती. निजामाच्या राजवटीतून १९४८ साली सुटलेल्या या प्रदेशात बाबासाहेबांनी १९५० साली हे महाविद्यालय काढले. तेथील म. भि. चिटणीस यांनी दलितांच्या दीर्घ यातनांचा पट मांडणारे 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते केले. खेड्यातून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या या मुलांच्या नाटकाला प्रवेश परीक्षा नव्हती.

सत्तरच्या दशकात मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला. त्याची उभारणी करणारे कमलाकर सोनटक्के हे दिल्लीच्या विद्यालयात शिकून आलेले. दिल्लीची विद्या अशी प्रथमच आमच्या अंगणात आली. येथे रुस्तुम अचलखांब यांनी तमाशा आणि लोकरंगभूमीचा अभ्यास केला आणि तो शिकविला. 'गावकी' लिहिणारा माणूस प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसून तमाशाकडे शास्त्र म्हणून पाहू लागला. आमच्या शेजारच्या नांदेडात दत्ता भगत लिहीत होते. 'वाटा-पळवाटा'मध्ये त्यांनी चळवळीच्या आतला पिढ्यांचा वाद मंचावर आणला. आणि याच काळात, २७ जुलै १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर, मराठवाड्यात आमची घरे जळाली. नाव मिळावयास १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या सोळा वर्षांत या विद्यापीठात नाटक शिकणे म्हणजे काय असेल, याची कल्पना दिल्लीच्या अभ्यासक्रमाने दिली नसती.

बीड जिल्ह्यातील दरडवाडीचे वामन केंद्रे याच विभागातून पुढे दिल्लीला गेले. परत आल्यावर १९८७ साली त्यांनी उत्तम बंडू तुपे यांच्या 'झुलवा' कादंबरीवरचे नाटक केले. देवीला सोडलेल्या मुलींचे जगणे, जोगत्यांचे गाणे आणि विधी त्यात होते. राष्ट्रीय विद्यालयाचे तंत्र आणि मातंग लेखकाने लिहिलेले सत्य यांची अशी गाठ पडली, तेव्हा काय घडू शकते ते प्रेक्षकांनी पाहिले. २०१३ साली केंद्रे त्याच विद्यालयाचे संचालक झाले. मराठवाड्याच्या खेड्यातून त्या खुर्चीपर्यंत वाट जाते, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी नावानिशी सांगतो.

४

मग आज दाराशी काय उभे आहे? दोन्ही केंद्राच्या संस्था, त्यामुळे आरक्षण आहे. परंतु पुण्यात चित्रपटाच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे वर्ग दहा-बारा जणांच्या आसपासचे. दहांच्या वर्गात १५ टक्क्यांचा हिशेब दीड जागेचा होतो. उभ्या देशातून दीड जागा. त्या जागेवर पोचलेला मुलगा वर्गात बहुधा एकटा असतो, आणि एकट्याने बोलणे किती कठीण असते हे आपल्याला सांगावयास नको. दिल्लीच्या विद्यालयाला पदवी हवी, नाटकांत काम केल्याचा पुरावा हवा, हिंदी-इंग्रजीची जाण हवी. आमच्याकडे गाण्या-नाटकाच्या मंचावर दहा वर्षे उभी राहिलेली मुले आहेत. त्यांच्याकडे छापील कार्यक्रमपत्रिका नाही, वर्तमानपत्रातले परीक्षण नाही. जलशाला कोणी प्रमाणपत्र देत नाही.

दाराबाहेरूनही वाट निघते हे नागराज मंजुळे यांनी दाखविले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा वडार समाजातला तरुण अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकला, 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, आणि २०१३ साली 'फँड्री' केला. मात्र एका मंजुळेकडे बोट दाखवून संस्थांना मोकळे सोडता येणार नाही. कॅमेरा, ध्वनी, संकलन या विद्या महाग आहेत. सरकारने त्यांचे कारखाने जनतेच्या पैशाने उभे केले आहेत, तेथे आपला वाटा आहे आणि तो मागितला पाहिजे.

२०१५ साली पुण्याच्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. अध्यक्षपदी नेमलेली व्यक्ती त्या पदाला योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे. संस्थेच्या शिखरावर कोण बसावे, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे हे त्यांनी ठासून सांगितले. आपल्याला हा प्रश्न शिखरावरून खाली आणावा लागेल. मुलाखत घेणाऱ्या टेबलाच्या पलीकडे कोण बसते? तमाशा, जलसा, भारूड जाणणारा एक तरी माणूस तेथे असतो का? मराठीत विचार करणाऱ्या मुलाला मराठीत उत्तर देता येते का? जोतीरावांच्या नाटकाचे काय झाले हे ठाऊक असलेल्या समाजाने हे प्रश्न विचारावयास १७० वर्षे घेतली, आणखी घेऊ नयेत.

दरम्यान आपल्या हातातले काम आहेच. प्रत्येक जयंतीच्या, प्रत्येक नाटकाच्या कार्यक्रमाची तारीख, स्थळ, भूमिका लिहून ठेवा आणि मंडळाचा शिक्का मारून मुलांच्या हाती द्या. जुन्या शाहिरांची गाणी त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित करा. पदवीच्या वर्गातल्या मुलांना 'तृतीय रत्न' वाचून दाखवा, शक्य तर बसवा. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचा रस्ता त्यांना आधी दाखवा, मग दिल्लीचा. पूर्णेच्या फलाटावरून जाणारे मूल रिकाम्या हाताने जात नाही, त्याच्या मागे जलशाची नव्वद वर्षांची तालीम आहे. ती तालीम कागदावर आणणे हे आपले, शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे, काम आहे.