ग्रास कटर: पेट्रोल की बॅटरी? पन्नास वर्षांचा एक वाद

गणपती झाले की कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी सुरू होते आणि एक प्रश्न हमखास येतो: ग्रास कटर पेट्रोलवर चालणारा घ्यायचा की बॅटरीवरचा? आज आपण हाच प्रश्न इतिहासातून बघू. कारण यात मशीनइतकाच ते मशीन धरणारा माणूसही महत्त्वाचा आहे.

सुरुवात होते अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात. साल १९७१. जॉर्ज बॅलस नावाचे गृहस्थ, धंदा डान्स स्टुडिओचा. गाडी धुवायला गेले आणि तिथले गरगर फिरणारे ब्रश बघत बसले. गाडी साफ होते, पण रंगाला ओरखडा नाही. मग झाडाच्या बुंध्याजवळचं गवत असंच कापलं तर? घरी येऊन त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासेमारीची नायलॉन दोरी ओवली आणि तो डबा गवताच्या कडा कापायच्या मशीनला बसवला. झालं! त्यांनी नाव ठेवलं 'वीड ईटर'. १९७७ मध्ये एमर्सन इलेक्ट्रिक कंपनीने तो धंदा विकतही घेतला.

आता ही दोरी फिरवायची कशाने? तेव्हा पर्याय दोनच होते. पहिला, वायरवाली इलेक्ट्रिक मोटर. हलकी, स्वस्त, पण वायर जिथपर्यंत जाईल तिथपर्यंतच तुमची बाग. दुसरा, छोटं टू-स्ट्रोक इंजिन. आपल्याकडे १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकमध्येही टू-स्ट्रोकच होतं, बरं का.

टू-स्ट्रोकच का? कारण त्यात क्रँकच्या प्रत्येक फेरीला ताकद मिळते, भाग कमी, त्यामुळे वजन कमी. शिवाय ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. तळाशी ऑइलची टाकी नसल्यामुळे इंजिन तिरकं धरा, आडवं धरा, चालतं. हातात धरून फिरवायच्या मशीनला अजून काय पाहिजे?

पण किंमत होतीच. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हाच जुना धूर बाहेर जात असतो. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. वर ऑइलचा धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. हे सगळं आधी कोणाला भोगावं लागतं? मशीन धरणाऱ्याला.

इथे गोष्ट पोचते लॉस एंजेलिसला. १९९० च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी पालापाचोळा उडवणाऱ्या पेट्रोलच्या ब्लोअरविरुद्ध तक्रारी केल्या. ग्रास कटरचंच हे भावंड, इंजिन त्याच जातीचं. शहराने घरांजवळ ते वापरायला बंदी घातली. पण ते चालवणारे बहुतेक माळी लॅटिन अमेरिकेतून आलेले, रोजच्या कामावर पोट असलेले. जानेवारी १९९८ मध्ये त्यातले काही जण सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले. म्हणजे बघा, धूर सगळ्यात जास्त त्यांच्याच नाकात जात होता, तरी बंदी नको म्हणणारेही तेच. कारण तेव्हा ताकदीचं काम करेल असा बॅटरीचा पर्याय बाजारात नव्हताच!

तो पर्याय आणला लिथियम-आयन बॅटरीने. सोनीने १९९१ मध्ये ती बाजारात आणली ती कॅमेऱ्यासारख्या छोट्या वस्तूंसाठी. २००५ च्या सुमारास ती ड्रिल-करवतीसारख्या हत्यारांत आली आणि पुढे बागेतही पोचली.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. त्यानंतरच्या नियमानुसार २०२४ पासून तिथे विकायला बनणाऱ्या अशा नव्या मशीनमधून धूर निघता कामा नये. जुनी मशीनं वापरायला मात्र हरकत नाही. आणि या वेळी सरकारने छोट्या व्यावसायिकांना मशीन बदलायला ३ कोटी डॉलरही बाजूला ठेवले. १९९८ मधून थोडं शिकले म्हणायचं!

मग बॅटरी जिंकली का? थोडं गणित करू. १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत फक्त ०.१४४. म्हणजे साठ पटीहून जास्त फरक! छोटं इंजिन त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटर फार कमी घालवते, म्हणून हा फरक प्रत्यक्षात बराच कमी होतो. पण संपत नाही.

म्हणून माझं मत असं. घराभोवतीचं अंगण, सोसायटीची बाग, तासाभराचं काम असेल तर डोळे झाकून बॅटरी घ्या. उतारावरची मोठी बाग, दिवसभर बेणणी, जवळ चार्जिंग नाही, तर आज तरी पेट्रोलच परवडतं. पण मग गड्याला कानाचं संरक्षण, गॉगल आणि मधे विश्रांती द्या. पैसे आपण देतो, धूर तो घेतो. मशीन निवडताना हा हिशोबही धरायला हवा ना?

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा!