गवयाची पणती

आमच्या लोह्याच्या जुन्या घरी दिवाळीत फराळाची ताटे उठली की ढाळजेत गोष्टी निघत. त्यांत आत्याची एक ठरलेली असे. १९४८ साली ती चौदा वर्षांची होती आणि गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ चालला होता. अशा दिवसांत तिने शेणाच्या पाटीत तळाशी चिठ्ठी दडवून ती गावाबाहेरच्या एका मळ्यात पोचविली. एकदा नव्हे, तीनदा. चिठ्ठीत काय होते ते तिला कधीच कळले नाही, कारण तिला वाचता येत नव्हते. या आत्याला मी एका दिवाळीत दुसऱ्या एका बाईची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

हकीकत सुरू होते बडोद्याला. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली तेथे गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्ष या थोर गवयाच्या हाती सोपविली. चिजा स्वरलिपीत उतरवून शिकविण्याचा त्यांचा उद्योग त्या काळी नवलाचाच होता. त्यांची बेगम टिपू सुलतानाच्या वंशातली, असे घराण्यात सांगत. मौलाबक्षांच्या मुलीचा मुलगा इनायत खान १८८२ साली बडोद्यासच जन्मला, वीणा वाजवू लागला आणि पुढे हैदराबादेस गेला. लोहे, कंधार, सारा मराठवाडा तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता. म्हणजे मेहबूब अली खान निजामाने या तरुण गवयाला जी बिदागी दिली असेल, तीत आमच्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाही एखादा पैसा असणार! असो. निजामाने त्याला ‘तानसेन’ ही पदवी दिली, तेथेच त्याला सूफी गुरू भेटला आणि १३ सप्टेंबर १९१० रोजी तो बोटीने परदेशी निघाला. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तिकडे एका अमेरिकन मुलीशी त्याचे लग्न झाले आणि १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को शहरी त्यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव नूर. नूर म्हणजे प्रकाश, आणि नात्याने ती मौलाबक्षांची पणती. हा योग आपल्या मराठीनेच जुळवून आणला आहे. बडोद्याच्या त्या म्हाताऱ्या गवयाला तो नक्की आवडला असता.

पॅरिसजवळच्या सुरेन गावी नूर वाढली. १९२७ साली वडील वारले, आई खचली, आणि तेरा वर्षांच्या पोरीवर तीन धाकट्या भावंडांचे करणे आले. पुढे ती सॉरबॉनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, वाद्ये शिकली आणि मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. १९३९ साली लंडनमध्ये तिचे वीस जातककथांचे पुस्तक निघाले. त्यांत वानरराजाची गोष्ट आहे. तो आपल्या देहाचा पूल करून सारा कळप नदीपार करवतो आणि स्वतः पाठ मोडून मरतो. आपल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा भिंतीवर रंगविलेली आहे.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसवर आल्या तशी ही मंडळी इंग्लंडला पोचली. नूर अहिंसा मानणारी. तरीही ती हवाई दलाच्या स्त्री-विभागात शिरली आणि बिनतारी संदेश पाठविण्यात तरबेज झाली. तिचे चरित्रकार सांगतात की, मुलाखतीत हिंदुस्थानचा विषय निघाला तेव्हा, युद्ध संपल्यावर मी माझ्या देशाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहीन, असे तिने साहेबांना तोंडावर सांगितले. साहेबांनी तिला घेतले, हे विशेष!

१९४३ साली गुप्त खात्याने तिला निवडले. शिक्षकांचे मत मात्र प्रतिकूल होते. मुलगी हळवी आहे, वेंधळी आहे, आणि मुख्य म्हणजे तिला खोटे बोलता येत नाही! तिच्या वरिष्ठाने हे शेरे बाजूला सारले, कारण फ्रान्समध्ये बिनतारी यंत्र चालविणाऱ्यांचा तुटवडा होता. असा माणूस तेथे सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ, असा हिशेब होता.

१६ जूनच्या रात्री विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरविले. आता ती झान-मारी रेनिए नावाची फ्रेंच दाई, आणि संदेशांत ‘माद्लेन’. आठवडाभरातच तिच्या गटाची धरपकड सुरू झाली. लंडनहून निरोप आला, परत ये. तिने नकार दिला. पॅरिसमध्ये आपल्या गटाचे यंत्र चालविणारी ती एकटीच उरली होती. ती गेली असती तर मागे राहिलेल्यांचा आवाजच बंद झाला असता. सहा आठवड्यांच्या जागी ती जवळजवळ चार महिने टिकली. केस रंगवावे, बिऱ्हाड बदलावे, अवजड पेटी उचलून दुसरीकडे जावे, असे चालले. एकदा भुयारी आगगाडीत जर्मन शिपायांनी पेटीत काय आहे म्हणून विचारले. सिनेमाचे यंत्र आहे, असे म्हणून तिने पेटी किंचित उघडून दाखविली.

येथे आत्याने मला थांबविले. ‘‘मलाबी एकानं इचारलं व्हतं, पाटीत काय हाय? म्या म्हनलं, शेन. खोटं कुठं बोलले मी? शेनच व्हतं की!’’

ऑक्टोबरमध्ये फितुरीने नूर पकडली गेली. तिने दोनदा पळण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा तर रात्री छपरावरून. पुन्हा पळणार नाही असे लिहून दे, म्हणाले. तिने लिहून दिले नाही. मग जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात दहा महिने हातपाय साखळदंडात. सहकाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिने सांगितले नाही.

पण एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. पाठविलेल्या संदेशांच्या नकला ती एका वहीत ठेवीत असे. ती वही आणि यंत्र शत्रूच्या हाती लागले. त्यांनी तिच्याच नावाने लंडनशी संधान चालू ठेवले आणि लंडनचे लोक फसले. १९४४ च्या फेब्रुवारीअखेर पॅराशूटने उतरलेली काही माणसे थेट जर्मनांच्या हातात पडली. त्यांत माद्लेन दामेरमां ही फ्रेंच तरुणी होती. नूरचे टोपणनाव ते हिचे खरे नाव. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत चार स्त्रियांना गोळ्या घातल्या. त्यांत योलांद बेकमन आणि एलियान प्ल्यूमन यांच्याबरोबर या दोघीही होत्या. त्या दोघींना एकमेकींशी काही बोलता आले असेल काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फ्रान्सने तिला क्र्वा द गेर दिला, ब्रिटनने १९४९ साली जॉर्ज क्रॉस दिला, आणि २०१२ साली लंडनच्या गॉर्डन चौकात तिचा अर्धपुतळा बसला. वडील हिंदुस्थान सोडून निघाले तो १३ सप्टेंबर. मुलगी गेली तोही. आणखी चार वर्षांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले आणि आत्याची पाटी वाहणे संपले.

आत्या बराच वेळ वाती वळीत बसली होती. मग म्हणाली, ‘‘बोलावलं व्हतं, तरी गेली न्हाई?’’

‘‘नाही.’’

‘‘आन् तिच्या मायला ठावं व्हतं, ती कुठं हाय ते?’’

नव्हते, मी म्हणालो. मुलगी कोठे आहे हे आईला सांगण्याची परवानगीच नव्हती. ती नेमकी कोठे मेली याचा उलगडाही युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी झाला.

आत्याने वातींचा जुडगा परडीत ठेवला. ‘‘म्याबी मायला सांगितलं नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘ती मरंपर्यंत न्हाई.’’