देवी आणि कांजिण्या : एका ओळखीचा इतिहास



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु दारावर कडुनिंबाची डहाळी लावून, तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी ज्या मातांनी रात्रीमागून रात्री काढल्या, त्यांच्या जागरणालाही इतिहास आहे. त्यातील एक लहानसे प्रकरण आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे. ते आहे कांजिण्यांचे. हा रोग किरकोळ म्हणून गणला गेला, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो किरकोळ असतोही. तरी देवीपासून तो वेगळा काढण्यास वैद्यकाला शतके लागली. ही ओळख जेथे चुकली तेथे शुश्रूषा चुकली, आणि शुश्रूषा चुकली तेथे माणसेही गेली. रोग ओळखणे ही शुश्रूषेची पहिली पायरी आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम नावांकडे पाहू. आपल्या जुन्या वैद्यकात मसुरीच्या डाळीसारखे फोड येणाऱ्या रोगाला मसूरिका म्हटले आहे. पुढे कांजिण्यांना लघुमसूरिका हे नाव रूढ झाले. युरोपातही तोच प्रकार. देवीला तेथे 'व्हेरिओला' म्हणत. त्याच शब्दाला लघुत्व देऊन कांजिण्यांचे 'व्हेरिसेला' केले. दोन्हीकडे कल्पना एकच : कांजिण्या म्हणजे देवीची धाकटी बहीण. नाव एकदा बसले की विचारही त्याच्यामागून चालू लागतो. धाकटी येऊन गेली, आता थोरली येणार नाही, असा भरवसा लोक धरू लागले. हा भरवसा जीवघेणा होता.

तो भरवसा खोटा आहे असे स्पष्टपणे सांगितले ते लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने. १७६७ साली तेथील वैद्यमंडळापुढे त्याने कांजिण्यांवर निबंध वाचला. कांजिण्या येऊन गेलेल्यास देवी येऊ शकतात आणि देवी येऊन गेलेल्यासही कांजिण्या येतात. अर्थात् हे दोन रोग भिन्न आहेत, हे त्याने मांडले. रोग इतका सौम्य असताना त्यावर एवढा खल कशासाठी, याचे उत्तरही त्याच्यापाशी होते. कांजिण्यांनाच देवी समजून जो निर्धास्त होतो, तो देवीपासून स्वतःला जपत नाही.

योगायोग असा की, त्याच १७६७ साली, त्याच वैद्यमंडळाला उद्देशून, हॉलवेल या गृहस्थाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगालमध्ये टीकादार लोक देवीचा टीका कसा टोचतात, याचे वर्णन तीत होते. टोचण्याआधी मासे, दूध आणि तूप वर्ज्य करावयाचे, रोग्याच्या अंगावर थंड पाणी ओतावयाचे, असे पथ्यपाण्याचे बारकावे त्याने नोंदविले. एकीकडे निदानाची शिस्त, दुसरीकडे शुश्रूषेची परंपरा. दोन्ही एकाच वर्षी एकाच दारी येऊन उभ्या राहिल्या.

असो. हेबर्डनच्या निबंधाने वाद मिटला असे मात्र झाले नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचा हेब्रा हा त्वचारोगांचा मोठा अधिकारी दोन्ही रोग मुळात एकच, असे प्रतिपादन करीत असे. १८७५ साली स्टायनरने कांजिण्यांच्या फोडातील पाणी दुसऱ्यास टोचून तोच रोग उत्पन्न होतो, हे दाखविले. पुढे १९०४ च्या सुमारास मनिलाच्या तुरुंगात साथ आली असता टिझर या अमेरिकन डॉक्टरने फोडांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ही साथ देवीची की कांजिण्यांची, हाच तेथेही प्रश्न होता.

आपल्याकडे हा प्रश्न लसीच्या आगमनाने अधिक तीव्र झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. मुंबईहून ती लस मग ठिकठिकाणी गेली. आता विचार करा : लस टोचलेल्या मुलाच्या अंगावर चार वर्षांनी कांजिण्या उठल्या, तर पाहणाऱ्याला लसच फसली असे वाटणे साहजिक नव्हे काय? म्हणजे येथेही ओळख चुकली की एका चांगल्या उपायावरचा विश्वास उडावयाचा.

या ओळखीची खरी कसोटी लागली ती १९७४-७५ साली, देवी निर्मूलनाच्या अखेरच्या मोहिमेत. हातात देवीच्या रोग्याचे चित्र घेऊन कार्यकर्ते घरोघर फिरले. १९७५ मध्ये देवीचा रोगी दाखविणाऱ्यास एक हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. अशा संशयित रोग्यांपैकी पुष्कळांना कांजिण्याच निघाल्या. फरक असा शिकविला जाई : देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळहाततळव्यांवरही, खोल, टणक आणि एका भागात सारे एकाच अवस्थेचे. कांजिण्यांचे फोड छातीपोटावर आणि पाठीवर अधिक; वरवरचे, आणि जवळजवळच कोणी लाल ठिपका, कोणी पाण्याने भरलेला, कोणी खपली धरलेला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले आणि मे १९८० मध्ये साऱ्या जगाची सुटका जाहीर झाली. थोरली गेली, धाकटी राहिली.

पण ती धाकटी मुळात देवीच्या कुळातली नव्हेच. तिचे नाते आहे नागिणीशी. १९५० नंतरच्या दशकात थॉमस वेलर यांनी कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच असल्याचे दाखविले. इंग्लंडमधील होप-सिम्प्सन या साध्या गावडॉक्टराने आपल्या रोग्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवून १९६५ साली असे मांडले की, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावतो, ही आपल्याकडील समजूत त्यामुळे निराधार ठरते.

उपचारांचे पर्व त्यानंतरचे. १९६४ साली जपानचे मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत संशोधन करीत असता त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी फार आजारी केले. त्या काळजीतून त्यांनी लसीचा ध्यास घेतला आणि १९७४ मध्ये ती जगापुढे ठेवली. आज तिचे दोन डोस देण्याची शिफारस केली जाते. विषाणूला आवरणारे असायक्लोव्हिर हे औषध १९७० नंतरच्या दशकात पुढे आले. त्यामागील कार्यात जर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता, आणि १९८८ साली त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या.

एवढा इतिहास पाहिल्यावर घरातील रूढींकडे वळू. बाई आल्या म्हणून रोग्याला वेगळे निजविणे, पाहुण्यांना उंबऱ्याबाहेर थांबविणे, मऊ कपडे आणि गार, शांत खोली यांत पुष्कळ शहाणपण होते. साऱ्या फोडांवर खपली धरेपर्यंत रोग्याने वेगळे राहावे, हे आजचे वैद्यकही सांगते. मात्र फोड उठण्याआधी एकदोन दिवस संसर्ग सुरू झालेला असतो आणि संसर्गानंतर रोग दिसण्यास दहा ते एकवीस दिवस लागतात, हे त्या रूढीला ठाऊक नव्हते. अंघोळ बंद ठेवण्याचे कारण नाही. कोमट पाण्याने खाज शमते. मुलाला उपाशी ठेवण्याचेही कारण नाही. पेज, ताक, पाणी भरपूर द्यावे. नखे कापावीत. तापाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल द्यावे, पण मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदू यांना गंभीर इजा होऊ शकते, हे १९८० नंतर ध्यानी आले.

आणि सर्वांत महत्त्वाचे : देवीचा कोप म्हणून डॉक्टरांना टाळू नये. प्रौढ माणूस, गर्भवती स्त्री, तान्हे बाळ आणि ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे असा रोगी, यांच्या कांजिण्या किरकोळ समजू नयेत. यांना औषध लाभते ते लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत. धाप लागली, ग्लानी आली, उलट्या थांबेनात, फोडांभोवती लाली पसरू लागली, तर कोणाच्याही बाबतीत रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

पूर्वी कांजिण्यांना देवी समजून माणसे घाबरत, किंवा कांजिण्या आल्या म्हणून देवीबद्दल निर्धास्त होत. आता देवी गेल्या म्हणून आपण कांजिण्यांबद्दलच निर्धास्त झालो आहो. हेबर्डनने अडीचशे वर्षांपूर्वी दिलेला इशारा या तिसऱ्या चुकीलाही तितकाच लागू आहे. आजीने दारी लावलेली कडुनिंबाची डहाळी खुशाल राहू द्या. तिने घरातल्यांना सावध केले, हे तिचे उपकारच. मात्र त्या डहाळीखालून डॉक्टरांना आत येण्यास वाट मोकळी ठेवा.