थंडीला भिणारं रबर

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे एक शब्द हमखास ऐकू येतो. ‘टायर गोटा झालाय.’ नक्षी झिजून टायर नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला की त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे शहाणपण आपल्याला रस्त्याने शिकवलं. आपल्याकडे टायरची परीक्षा पाऊस घेतो. जर्मनी, फिनलंड, कॅनडा अशा देशांत ती थंडी घेते. आपली हजारो मुलंमुली आज त्या देशांत नोकऱ्या करतात, जुन्या गाड्या विकत घेतात आणि ऑक्टोबर उजाडला की टायरच्या दुकानात उभी राहतात. तिथे ज्या टायरांतून त्यांना निवड करायची असते, त्यांच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. रबर आणि थंडी यांच्या वैराचा तो इतिहास.

हे वैर टायरच्या जन्माआधीचं. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराची मोठी लाट आली होती. रबराचे बूट, रबराचे कोट, रबराच्या पिशव्या. लोकांनी हौसेने घेतल्या आणि वर्षभरात फेकून दिल्या. कारण हे रबर उन्हाळ्यात चिकट गोळा व्हायचं आणि हिवाळ्यात लाकडासारखं कडक. कारखाने बुडाले. चार्ल्स गुडइयर नावाचा एक कर्जबाजारी माणूस मात्र या रबराच्या मागे लागला होता. १८३९मध्ये त्याला आढळलं, की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते ना वितळतं, ना तडकतं. १८४४मध्ये त्याला पेटंट मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. १८६०मध्ये तो कर्जातच वारला. आज त्याच्या नावाने चालणारी टायर कंपनी १८९८मध्ये निघाली. तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता, नाव केवळ आदरापोटी दिलेलं.

पुढची पायरी हवेची. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण काळ तयार नव्हता. १८८८मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले आणि मग चक्र फिरलं. हवा आली तशी पंक्चरही आली. १९०४मध्ये वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाकाचा धंदा निघाला. त्या गल्लीचं नाव आपण आजही डिकीत घेऊन फिरतो. आपली ‘स्टेपनी’ ती हीच!

थंडीचा प्रश्न मात्र तसाच होता. सुरुवातीच्या मोटारमालकांपैकी अनेकजण हिवाळाभर गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवत. ज्यांना चालवणं भाग होतं, ते चाकाला दोरखंड गुंडाळत. तो जुगाड पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने चाकाला बांधायच्या साखळ्या तयार केल्या आणि १९०४मध्येच त्यांचं पेटंट घेतलं. पण साखळी बांधून वेगात जाता येत नाही आणि बर्फ संपला की ती उतरवावी लागते.

खरं उत्तर आलं फिनलंडमधून, तेही ट्रकवाल्यांसाठी. तिथे हिवाळा चार-पाच महिने मुक्काम करतो आणि माल तर गावोगाव पोचलाच पाहिजे. १९३४मध्ये तिथल्या रबर कारखान्याने खास बर्फासाठी ठसठशीत, खोल नक्षीचा ट्रकचा टायर काढला. दोन वर्षांनी, १९३६मध्ये, मोटारींसाठी ‘हक्कापेलिटा’ आला. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाकडून लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचं हे नाव. त्यांच्या ‘हाणा’ अशा अर्थाच्या रणगर्जनेवरून ते पडलं. कारखान्याचं गाव कोणतं? नोकिया. पुढे १९६७मध्ये हाच रबर कारखाना, एक कागद गिरणी आणि एक केबल कारखाना एकत्र येऊन जी कंपनी झाली, तिचे मोबाईल एकेकाळी आपल्या सर्वांच्या खिशात होते.

१९६०च्या दशकात टायरला धातूचे छोटे खिळे बसवण्याची पद्धत आली. गोठलेल्या रस्त्यावर हे खिळे नखांसारखे रुततात. चालक खूश झाले. पण रस्ता कायम गोठलेला नसतो. कोरड्या डांबरावर तेच खिळे रस्ता खरवडू लागले. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या आणि खरवडलेल्या रस्त्याची धूळ हवेत गेली. पश्चिम जर्मनीने १९७५मध्ये खिळ्यांच्या टायरवर बंदी घातली. जपानमध्ये सेंदाई, साप्पोरो या शहरांत हिवाळ्याच्या शेवटी धुळीने माणसं हैराण झाली आणि १९९०मध्ये तिथेही कायदा झाला. उत्तर युरोपात हे टायर अजून चालतात, कारण तिथल्या बर्फाची जातच वेगळी. पण ऑस्लोत त्यासाठी वेगळं शुल्क भरावं लागतं आणि स्टॉकहोमच्या होर्न्सगातान या रस्त्यावर २०१० पासून त्यांना मनाई आहे.

इथे मला या इतिहासाचं मर्म दिसतं. माझ्या चाकाची पकड आणि दुसऱ्याच्या पोराचा श्वास या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये अडकल्या होत्या. त्यातून सुटायचं तर रबरच बदलायला हवं होतं. ते बदललं. साधारण सात अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर ताठरू लागतं आणि त्याची पकड सैल होते. हिवाळी टायरमध्ये असं मिश्रण वापरतात, की ते थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत शेकडो बारीक काप असतात. त्यांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. खिळ्यांवाचून चालणारे असे टायर १९८०च्या दशकात जपानमध्येही तयार झाले, म्हणून तर बंदी पाळता आली.

माझा एक भाचा जर्मनीत आहे. त्याने तिथे जुनी गाडी घेतली, तेव्हा फोनवर म्हणाला, “मामू, गाडीच्या मानाने टायरच महाग पडतायत. एवढा हिवाळा जुन्यांवर काढू का?” मी म्हटलं, “बेटा, ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. आणि टायर रस्त्याला टेकतो किती? जेमतेम तळहाताएवढा.”

जुन्या गाडीबरोबर तिथे पुष्कळदा हिवाळी टायरांचा दुसरा संचही मिळतो. आठ टायर मिळाले म्हणून माणूस हरखतो. पण आधी ते वाचायला हवेत. हो, टायर वाचता येतो. त्याच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर म्हातारं होऊन कडक झालेलं असू शकतं. मग नक्षीची खोली. जर्मनीत कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी जाणकार ४ मिलिमीटर सांगतात आणि शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायरला कायद्यानेच तेवढी लागते. आणि टायर चारही हिवाळीच हवेत. फक्त पुढचे दोन बदलले तर वळणावर गाडीचा मागचा भाग निसटतो. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली म्हणूनही निश्चिंत राहू नये. ती निघते लवकर, थांबते मात्र इतरांसारखीच.

टायरवरच्या खुणांचीही एक कथा आहे. शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्याला ती फार आवडते. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ, ही खूण कोणतीही ठरावीक चाचणी न देता लावता येत असे. म्हणून १९९९मध्ये अमेरिका-कॅनडातल्या टायर उद्योगाने नवी खूण आणली: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ती बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. जर्मनीत २००६ साली नियम झाला, की गाडीची सामग्री हवामानाला साजेशी असावी. २०१०मध्ये ओल्डेनबुर्गच्या उच्च न्यायालयाने म्हटलं, की हा शब्द मोघम आहे, अशा शब्दावर कोणाला दंड करता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात नियम नव्या, नेमक्या शब्दांत आला. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे डोंगर-हिमकणाची खूण असलेला टायरच हिवाळी मानला जातो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने २००८मध्येच हिवाळी टायर सक्तीचे केले. तिथे आता १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे.

जर्मन लोकांचा एक सोपा ठोकताळा आहे: ऑक्टोबर ते ईस्टर. म्हणजे पहिला बर्फ पडल्यावर नाही, तर तो पडण्याच्या आधी टायर बदलायचे. आपल्याकडे मृगाआधी घर शाकारून घेतात, त्यातलाच हा प्रकार. पाऊस सुरू झाल्यावर कौलं फिरवायला कोणी चढत नाही.

भाच्याने शेवटी गाडीचा टेप बदलायचा बेत रद्द केला आणि चार नवे टायर घेतले. मला त्यात फार मोठं काही वाटत नाही. पण गोठलेल्या चौकात एखादी शाळकरी मुलगी रस्ता ओलांडत असते. समोरून येणाऱ्या जुन्या गाडीच्या टायरवर कोणतं साल लिहिलं आहे, हे तिला कळण्याचा काही मार्ग नसतो. ते तिच्या वतीने गाडीवाल्यानेच आधी वाचून ठेवायचं असतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)