लोकवन, शरबती, बन्सी आणि खपली : गव्हाच्या वाणांची ओळख



नजमातल्या भारतीय दुकानात पिठाची पिशवी घेताना 'शरबती', 'लोकवन', 'खपली' अशी नावे आपण वाचतो. यांतली काही वाणांची, काही गव्हाच्या प्रकारांची, तर काही निव्वळ व्यापारातली आहेत. घरात कुणाला पथ्य असेल तर हा फरक माहीत हवाच. म्हणून ही थोडक्यात माहिती.

आपला गहू रब्बीचा. महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि साधारण ११० ते १२० दिवसांत पीक तयार होते.

१) सरबती गहू (चपातीचा)
शेतीशास्त्रात 'सरबती' म्हणजे चपाती-पावाचा साधा गहू. यात गुणसूत्रांचे तीन संच (४२) असतात. तिसऱ्या संचामुळे कणीक छान ताणली जाते.
- लोकवन (लोक-१): गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेचा वाण. टपोरा, चमकदार दाणा. उशिरा पेरणीलाही चालतो, पण तांबेऱ्याला बळी पडतो.
- त्र्यंबक (एनआयएडब्ल्यू-३०१) व तपोवन (एनआयएडब्ल्यू-९१७): निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण. नावे थेट नाशिकची!
- बाजारातला 'शरबती': हा बहुधा मध्य प्रदेशातल्या सीहोर भागातला गहू असतो, त्यात सी-३०६ सारखे जुने वाण येतात. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

२) बन्सी
गुणसूत्रे २८. दाणा कठीण, पिवळसर. रवा, शेवया आणि पास्ता यासाठी उत्तम. निफाडचे गोदावरी (एनआयडीडब्ल्यू-२९५) आणि जिरायतीसाठी पंचवटी (एनआयडीडब्ल्यू-१५) हे वाण प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस-४०२८ हाही जिरायती वाण. त्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के आहेत.

३) खपली (जोड गहू)
हाही २८ गुणसूत्रांचा, फार प्राचीन. दाण्याचे टरफल मळणीत सुटत नाही, कांडून काढावे लागते, म्हणून महाग. सांगली, सातारा, बेळगाव भागात खीर आणि पुरणपोळीसाठी हाच गहू मागतात. जुने वाण उंच वाढून लोळतात. आघारकर संस्थेचा एमएसीएस-२९७१ हा कमी उंचीचा आहे.

पथ्याबद्दल महत्त्वाचे
'खपलीत ग्लुटेन नसते' असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. वरील सर्व गव्हांत ग्लुटेन असते. गहू आणि राय यांच्या संकरातून झालेल्या ट्रिटिकेलमध्येही असते. युरोपीय पाव घेताना हे लक्षात ठेवावे. सीलिएक आजार असलेल्यांनी यांपैकी काहीही खाऊ नये. त्यांना ज्वारी, नाचणी, तांदूळ चालतात, पण तेही गव्हाच्याच चक्कीत दळलेले नसावेत. मधुमेह असणाऱ्यांनी खपली खाल्ली तरी पोळ्या मोजूनच खाव्यात आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तेव्हा मंडळी, पिशवीच्या पुढच्या नावाबरोबर मागची घटकांची यादीही वाचा. आपल्या गावाकडे कोणता गहू पिकतो, तेही आम्हाला जरूर कळवा.